खुलासा, नऊ वर्षं उशिरा

मागच्या महिन्यातला तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय. ४१ सेकंदांचा आहे. पंचायत समितीच्या सभागृहात एक पत्रकार उभा राहून तावातावाने काहीतरी बोलतोय. शब्द जिभेवर घोळतायत. शर्ट घामाने चिंब. शेजारचा माणूस हाताला धरून खाली बसवायला गेला तर हा त्याचा हात झटकून टाकतोय. खाली ओळ होती, 'चौथा स्तंभ सकाळी सकाळीच डोलायला लागला'. आणि पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

तो पत्रकार मीच.

काहींनी काळजीने फोन केले. काहींनी मुद्दाम केले नाहीत. एका ज्येष्ठ मित्राने 'जरा जपून, कार्यक्रमाच्या दिवशी तरी' एवढाच मेसेज पाठवला. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. आज सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर आजच वाचा.

मी त्या दिवशी चहाशिवाय काही प्यायलो नव्हतो. आणि घोळ तोच झाला, कारण चहासुद्धा बिनसाखरेचा होता.

मला डायबेटिस होऊन सात वर्षं झाली. आमच्या धंद्यात खाण्यापिण्याला वेळ नाही हे तुम्हाला माहीत आहे. सकाळी मोर्चा, दुपारी अपघात, रात्री कुणाचा तरी सत्कार. वडापाववर दिवस निघतो. गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरलो. शेवटी पायाला मुंग्या यायला लागल्या, नजर धूसर झाली, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी तपासणी ११.४ आली. डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन.

घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. आपल्याकडे इन्सुलिन म्हणजे शेवटचा टप्पा अशी समजूत. आई म्हणाली, "तुझ्या मामाला पण शेवटी हेच दिलं होतं." बहीण म्हणाली, "एकदा लागलं की सुटत नाही रे ते." माझ्याही डोक्यात तेच. खरं तर टाइप २ च्या पेशंटला ऑपरेशनच्या वेळी, गरोदरपणात किंवा साखर फारच चढली असताना इन्सुलिन देतात आणि नंतर काहींचं बंदही होतं. पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त सुईला घाबरलो होतो.

सकाळी १८ युनिट, रात्री १२. जेवणाआधी अर्धा तास. पोटाला टोचायचं, रोज जागा बदलायची. हे सगळं मला सांगितलं. गोड बंद, भात कमी, चालणं सुरू, हेही सांगितलं. बाहेर पन्नासएक पेशंट ताटकळत बसले होते. डॉक्टरांना दोष देत नाही, एवढ्या गर्दीत ते तरी किती बोलणार? मी उठलो, फाईल घेतली आणि एसटी पकडून गावी आलो.

साखर वाढली तर काय होतं हे मला तोंडपाठ होतं. किडनी, डोळे, पाय, हार्ट. साखर उतरली तर काय होतं, हे मला माहीत नव्हतं. साखर उतरणं म्हणजे चांगलंच की! त्यासाठीच तर सगळा आटापिटा.

त्या दिवशी आढावा बैठक १० वाजता होती. पाणीटंचाईचा विषय. मी साडेनऊला इंजेक्शन घेतलं. बायको म्हणाली, "अहो, पोहे झालेत, दोन घास खाऊन जा." म्हटलं, बैठकीत नाश्ता असतोच, तिथंच खातो. गाडीला किक मारली आणि निघालो.

बैठक १० ची, साहेब आले पावणेबाराला. नाश्त्याच्या प्लेटा साहेब आल्याशिवाय उघडायच्या नाहीत हा अलिखित नियम. मी दोन कप बिनसाखरेचा चहा घेतला आणि शहाण्यासारखा वाट बघत बसलो. पोटात १८ युनिट इन्सुलिन आपलं काम करत होतं. त्याला बैठक उशिरा आहे हे कुणी कळवलेलं नव्हतं.

साधारण साडेअकराला पहिल्यांदा हात थरथरला. वाटलं, पंख्याखाली बसलोय म्हणून. मग घाम. मग आत कुठंतरी ढोल वाजल्यासारखी धडधड. भूक लागली होती का? लागली होती, पण अशी विचित्र की काहीतरी लुटून खावं. समोरच्या बॅनरवरची अक्षरं एकमेकांत शिरायला लागली. यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. साहेब आले एवढं आठवतं. मला कुणाचा तरी प्रचंड राग आला होता, तेही आठवतं. कुणाचा, का, ते नाही आठवत.

माझी त्या दिवशीची वही मी जपून ठेवलीय. पानाच्या वरच्या बाजूला टँकरच्या फेऱ्यांचा नीट हिशोब आहे. मधून अक्षर उतरणीला लागतं. शेवटच्या चार ओळींत फक्त 'पाणीटंचाई पाणीटंचाई पाणीटंचाई' लिहिलंय, आणि शेवटचा शब्द 'पाणीटं' वर सुटून पेनाची रेघ पानाच्या बाहेर गेलीय.

मेंदूचं रोजचं चलन म्हणजे साखर, म्हणजे ग्लुकोज. ते कमी पडलं की सगळ्यात आधी माणसाची अक्कल गहाण पडते. बोलणं अडखळतं, चाल बिघडते, चिडचिड होते, माणूस हट्टाला पेटतो. आणि वाईट म्हणजे ज्याला मदतीची गरज आहे तोच मदत करणाऱ्याला ढकलून देतो. "मला काही झालेलं नाही!" हे मी त्या व्हिडिओत तीनदा म्हणतोय.

बघणाऱ्याला ते कसं दिसणार? प्यायल्यासारखंच दिसणार.

बैठकीला मागच्या रांगेत मानधनाचं निवेदन घेऊन आशाताई बसल्या होत्या. त्यातल्या एक जण पुढे आल्या. मला नंतर सांगितलं गेलं त्याप्रमाणे त्या मोठ्याने म्हणाल्या, "ओ, मोबाईल ठिवा खाली. प्यायलेले न्हाईत ते. शुगर उतरलीय. माझा सासरा असंच करतो." चहावाल्या पोराकडून साखरेचा डबा ओढून घेतला, अर्ध्या कप पाण्यात तीन-चार चमचे ढवळले आणि माझ्या तोंडाला लावलं. मी नको म्हणत होतो. ताई म्हणाल्या, "दादा, भांडान नंतर करा, आधी ह्ये प्या."

दहा-बारा मिनिटांनी मला माझे हात परत मिळाले. दुसरा शब्द नाही त्याला. सभागृह पुन्हा सभागृहासारखं दिसायला लागलं. ग्रामीण रुग्णालयात नेऊन बोटाला टोचून बघितलं तेव्हा आकडा ६४ आला. साखरेचं पाणी पिऊन झाल्यावर! त्याआधी किती होता कुणास ठाऊक. ७० च्या खाली गेलं की उपाय करायचा आणि ५४ च्या खाली म्हणजे धोका, हे मला तिथल्या सिस्टरनी सांगितलं. इन्सुलिन सुरू झाल्यापासून एकविसाव्या दिवशी मला हा धडा मिळाला.

घरी येऊन डॉक्टरांची फाईल उघडली. तिसऱ्या पानावर कोपऱ्यात एक निळा शिक्का होता, 'हायपो एक्सप्लेन्ड'. म्हणजे साखर उतरण्याबद्दल समजावून सांगितलं. शिक्का मारलेला होता. समजावणं राहून गेलं असेल, किंवा समजावलं असेल आणि माझं लक्ष सुईकडे असेल. दोन्ही शक्य आहे.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. मी संतापलो. कुणी काढला, कुणी ओळ लिहिली, सगळ्यांची नावं काढतो म्हणालो. पोलिसांत तक्रार करायची म्हणून अर्जही लिहायला बसलो. पत्रकाराची बदनामी म्हणजे काय!

बायको भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुम्ही पण छापलं होतं की एकदा असंच. त्या गुरुजींचं."

अर्ज तिथंच राहिला.

२०१६ ची गोष्ट. शनिवारची सकाळ. एसटी स्टँडवर एक जिल्हा परिषदेचे शिक्षक बाकड्याखाली पडलेले. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढून मला पाठवला. सोबत, 'गुरुजी सकाळी सकाळी टाईट'. मी स्टँडवर गेलो. तोवर पोलिसांनी त्यांना उचलून नेलं होतं. दोन पानटपरीवाल्यांशी बोललो, दोघंही म्हणाले, "झोकांड्या खात होता की." झाली बातमी. 'एसटी स्टँडवर मद्यधुंद गुरुजी', दोन कॉलम, फोटोसकट. नाव, शाळा, गाव, सगळं. रुग्णालयात फोन करून विचारावं हे मला सुचलं नाही. डिप्लोमाला आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, दुसरी बाजू घ्या. मी दोन टपऱ्यांच्या दोन बाजू घेतल्या.

चार-पाच दिवसांनी गुरुजींचा मुलगा माझ्याकडे आला होता. हातात ग्रामीण रुग्णालयाचा केस पेपर. म्हणाला, "सर, वडिलांना शुगर आहे. रक्तातली साखर ३८ होती. सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर शुद्धीवर आले. दारूचा थेंब घेत नाहीत ते, माळकरी आहेत." मी झेरॉक्स ठेवून घेतली. म्हटलं, बघू, वरती विचारतो. वरती विचारलं. वरून उत्तर आलं की बातमी शिळी झाली. मीही जोर लावला नाही. झेरॉक्स ड्रॉवरमध्ये गेली. ड्रॉवर आजही तोच आहे. त्या रात्री उघडला तर कागद पिवळा पडलेला, पण आकडा स्पष्ट, ३८.

दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं. गेलो आठव्या दिवशी. मधल्या दिवसांत मी अजून एक मूर्खपणा केला, तो आधी सांगतो, कारण तो बरेच जण करतात. भीतीने इन्सुलिनच बंद केलं. दोन दिवस घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी साखर ३८० च्या वर. घसा कोरडा, दर तासाला लघवी. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टरांना फोन केला, बोलणी खाल्ली. त्यांनी सकाळचा डोस १४ वर आणला आणि बजावलं, डोस कमी-जास्त करायचा तर विचारून, स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. हे बरोबर आहे. साखर उतरते म्हणून इन्सुलिन सोडणं म्हणजे ठेच लागली म्हणून चालणं सोडण्यासारखं.

गुरुजी आता निवृत्त आहेत. गावाबाहेर वस्तीवर राहतात, दोन एकर डाळिंब आहे. मी गाडी लावली तेव्हा ते ठिबकच्या नळ्या बघत होते. ओळखलं त्यांनी. म्हणाले, "या पत्रकार. व्हिडिओ बघितला तुमचा."

मी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. सगळं विसरलो. म्हटलं, "गुरुजी, तुमचा केस पेपर माझ्याकडंच होता." एवढंच निघालं तोंडातून.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला माहितीय. पोरानं सांगितलं होतं."

त्यांची गोष्ट अशी. इन्सुलिन सुरू होऊन तेव्हा त्यांना दोन महिने झाले होते. शनिवारची सकाळची शाळा. पहाटे इंजेक्शन घेतलं, पहिली गाडी चुकायला नको म्हणून डबा न खाताच निघाले. शाळेत जाऊन खाऊ, हा विचार. गाडी पाऊण तास लेट. माझी बैठक लेट, त्यांची एसटी लेट, बाकी गोष्ट एकच. निलंबन झालं, चौकशी बसली. केस पेपरमुळे चार महिन्यांनी परत कामावर घेतलं, पण शाळा बदलून. आदेशात 'निर्दोष' असा शब्द आला. तो आदेश वाचला कोणी? ऑफिसातल्या दोन क्लार्कनी. बातमी वाचली अख्ख्या तालुक्यानं.

"निवृत्तीपर्यंत मी स्टँडवर चढलो नाही कधी," गुरुजी म्हणाले. "पुढच्या नाक्यावर जाऊन गाडीला हात करायचो. दीड किलोमीटर चालत. शुगरला बरंच झालं म्हणा ते." हसले. मला हसता आलं नाही.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. मास्तर ते शेवटी. कोपरीच्या खिशातून ग्लुकोज पावडरची छोटी पुडी काढली. म्हणाले, "ही खिशात नसेल तर मी उंबरा ओलांडत नाही. चष्मा विसरेन, ही नाही." त्यांनी सांगितलेलं, आणि नंतर मी डॉक्टरांकडे बसून पक्कं करून घेतलेलं, असं सगळं इथं लिहितो.

१. हात थरथरणं, घाम, धडधड, अचानक भूक, ओठांना मुंग्या, डोळ्यांपुढे धूसर, विनाकारण चिडचिड. यातलं काहीही झालं की आधी तपासा. मशीन जवळ नसेल तर वाट बघू नका, साखर उतरलीय असं धरूनच चाला.

२. पंधरा-पंधराचा नियम. १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन सपाट चमचे साखर किंवा ग्लुकोज, पाण्यातून. किंवा अर्धा ग्लास साधं, साखरेचं कोल्ड्रिंक. १५ मिनिटं थांबा, परत तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की मग भाकरी, पोळी, बिस्किट काहीतरी खा, नाहीतर परत उतरते.

३. पेढा, बर्फी, चॉकलेट या वेळी कामाचे नाहीत. त्यातल्या तूप-दुधामुळे साखर रक्तात जायला उशीर होतो. मी हेही करून बघितलंय. एका रात्री ६१ आली तेव्हा घाबरून पाच पेढे खाल्ले. अर्धा तास थरथर थांबेना आणि पहाटे साखर ३१०.

४. जेवणासोबत घ्यायच्या काही गोळ्या असतात, व्होग्लिबोज किंवा अकार्बोज. त्या चालू असतील तर साधी साखर लवकर लागू पडत नाही. त्यांनी ग्लुकोजच जवळ ठेवावं. बीपीसाठी काही जणांना दिलेल्या गोळ्यांनी धडधड आणि थरथर झाकली जाते. घाम मात्र येतोच. आपल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचारा.

५. रात्रीची साखर चोर पावलांनी उतरते. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, बनियन ओलं, भीतीदायक स्वप्नं, असं होत असेल तर एखाद्या रात्री दोन-तीनच्या सुमाराला उठून तपासा.

६. रिकाम्या पोटी दारू नको. साखर उतरल्यावर लिव्हर आपल्या साठ्यातून ती भरून काढत असतं, दारू ते काम अडवते. साखर काही तासांनी, झोपेतसुद्धा उतरू शकते. आणि तोंडाला वास असला की मग कुणी विचारतही नाही.

७. सिरिंज नीट बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० चं असतं, त्याला लाल टोपीची सिरिंज. १०० चं इन्सुलिनही मिळतं, त्याला नारिंगी टोपी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी गल्लत झाली तर डोस अडीचपट जातो. मेडिकलवाल्याने दिली म्हणून घेऊ नका, बाटलीवरचा आकडा वाचा.

८. उपास. एकादशी, नवरात्र, चतुर्थी, रोजे. इन्सुलिन नेहमीचं आणि पोट रिकामं, हे जमत नाही. गोळ्यांमध्येही ग्लिमेपिराइडसारख्या काही साखर उतरवतात. उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारून डोस ठरवून घ्या. गुरुजी माळकरी, दर आषाढीला पंढरपूरला जातात. म्हणाले, "विठोबाला माझा उपास नको असतो. मी घरी परत यावं एवढंच त्याला हवं असतं."

९. माणूस बेशुद्ध असेल, गिळू शकत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही. ते श्वासनलिकेत जातं. कांदा नको, चप्पल नको. एका कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की पेशंट शुगरचा आहे, इन्सुलिन घेतो.

१०. गाडी चालवण्याआधी तपासा. मी त्या दिवशी किक मारून निघालो होतो. हायवेला असतो तर व्हिडिओऐवजी निधन वार्ता आली असती.

उत्सुकतेपोटी थोडं वाचन केलं. इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत लागला. जानेवारी १९२२ मध्ये तिथंच लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं आणि मरणाच्या दारातला मुलगा वाचला. संशोधक ते सशांवर तपासून बघत. साखर फार उतरली की सशांना झटके येत आणि ग्लुकोज दिलं की ते सावरत. सुरुवातीला इन्सुलिनचं 'युनिट' ठरवलं तेच सशाची साखर किती खाली जाते यावरून. म्हणजे औषधाचं मोजमापच या धोक्यावर उभं आहे. शंभर वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतल्या माणसांना जे माहीत होतं, ते आज आपल्या तालुक्यात इन्सुलिन घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला शिक्क्यातून कळतं.

आता थोडं सार्वजनिक. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस असल्याचं समोर आलं. त्यातले अनेक जण कधी ना कधी इन्सुलिनवर येतील. तपासणी शिबिरं होतात, फोटो निघतात, मीच छापतो. शिबिरात साखर जास्त निघालेल्याला चिठ्ठी मिळते. इन्सुलिन सुरू झालेल्याला पहिल्या महिन्यात विचारणारं मात्र कुणी नसतं. मशीनची एक पट्टी मला वीसेक रुपयांना पडते. दिवसाला तीनदा तपासायचं म्हणजे ६० रुपये. रोजंदारीवरची बाई हे कुठून करणार? ती अंदाजानेच चालणार, आणि अंदाज चुकला की शेतात पडणार. लोक म्हणणार, उन्हानं चक्कर आली.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. निवेदन दिलंय, इथंही लिहितो.

एक, इन्सुलिन सुरू होणाऱ्या प्रत्येक पेशंटला पहिला महिना पट्ट्या मोफत मिळाव्यात आणि घरातल्या एका माणसाला सोबत बसवून साखर उतरण्याचा धडा मराठीत, तोंडी द्यावा. शिक्का नंतर मारा.

दोन, एसटी स्टँड, पोलीस ठाणं आणि पंचायत समितीच्या प्रथमोपचार पेटीत एक ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजचा डबा ठेवावा. खर्च एखाद्या सत्काराच्या हारांपेक्षा कमी येईल. झोकांड्या खाणारा माणूस दिसला की आधी बोटाला टोचा, मग काय ते ठरवा.

तीन, बैठका वेळेवर सुरू करा. हे हसण्यावारी नेऊ नका. समोर बसलेल्यांत किती जण सकाळचं इंजेक्शन घेऊन आलेत हे साहेबांना माहीत नसतं.

आणि आमच्या बिरादरीला हात जोडून विनंती. 'मद्यधुंद' हा शब्द लिहिण्याआधी वैद्यकीय तपासणी झालीय का विचारा. एक फोन लागतो. तो मी २०१६ मध्ये केला नाही.

निघताना गुरुजींना विचारलं, "लिहू का हे सगळं? तुमचं नाव घालून, माफी मागून?" म्हणाले, "लिहा. नाव नको. त्यावेळी छापलंत तेवढं बास झालं."

म्हणून नाव नाही. पण ज्यांनी ती बातमी वाचली होती त्यांना माणूस कळेल, आणि त्यांच्यासाठीच हा खुलासा.

खुलासा : २०१६ साली एका शनिवारी एसटी स्टँडवर पडलेल्या शिक्षकांबद्दल 'मद्यधुंद गुरुजी' अशी बातमी मी दिली होती. ते प्यायलेले नव्हते. त्यांच्या रक्तातली साखर ३८ होती. तसा केस पेपर माझ्या हातात असूनही मी खुलासा छापून आणला नाही. चूक संपूर्णपणे माझी आहे. गुरुजींची आणि त्यांच्या कुटुंबाची मी जाहीर माफी मागतो.

माझ्या व्हिडिओबद्दल कुणावर तक्रार करणार नाही. ज्याने काढला त्याने तो डिलीटही करू नये, उलट ओरिजिनल मला पाठवावा. त्या आशाताई म्हणाल्या, "दादा, आमच्या पुढच्या मीटिंगला दाखवूया की. शुगर उतरलेला माणूस कसा दिसतो ते पुस्तकात वाचून कळत न्हाई." मी हो म्हटलंय. फक्त खालची ओळ बदलून द्या.